आत्याबाई माझं काम बघायला आल्या

कामासाठी मी पुरुषाचा हात पहिल्यांदा धरला तेव्हा घाम त्याला फुटला होता, मला नाही. चांगला दांडगा गृहस्थ, गळ्यात जाड चेन, बाहेर मोठी गाडी उभी, आणि खुर्चीत असा आखडून बसला होता की जणू मी आता इंजेक्शनच काढणार. "दुखंल का ओ ताई?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "बायका करून घेतात, अजून एकही मेलेली नाही." तो हसला आणि त्यानं हात ढिला सोडला. पुरुषांच्या मॅनिक्युअरमध्ये निम्मं काम हेच असतं. त्यांचा हात त्यांच्याकडून मागून घ्यावा लागतो.

जालना रोडवरच्या एका सलूनमध्ये मी हे काम करते. सलून बायापुरुष दोघांचं, पण पुरुषांच्या हातांचं गिऱ्हाईक बहुतेक माझ्याच टेबलाशी येतं. सुरुवातीला बाकीच्या पोरी लाजत होत्या, मी लाजले नाही, एवढंच माझं कर्तृत्व. मी तोंडाची फाटकी आहे, हे माहेरी सगळ्यांना माहीत होतं, सासरी हळूहळू कळलं. आमच्या मालकीणबाईंना आम्ही मॅडम म्हणतो. त्यांनी माझं टेबल अगदी पुढं, रस्त्याकडच्या काचेला लावलं. म्हणाल्या, "येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना दिसू दे, म्हणजे त्यांची भीड चेपेल." भीड किती जणांची चेपली ते मॅडमना माहीत. मी मात्र त्या काचेपायी घरी बसता बसता वाचले. आजही त्याच टेबलाशी बसते आहे ते एका बाईमुळं, आणि ती बाई माझी सासू आहे. सासूचे उपकार मानणारी सून म्हटल्यावर लोक माझ्याकडे संशयानं बघतात. बघू देत.

माझं माहेर गंगापूरच्या पलीकडं. आम्ही मेंढरंवाले. पावसाळ्यात चिखलानं मेंढरांची खुरं मऊ होऊन वाढतात, वाकतात, आणि जनावर लंगडायला लागतं. मग बाप एकेक मेंढरू धरून गुडघ्यांत दाबायचा आणि मी खूर हातात घ्यायची. पुढं पुढं चाकूही माझ्याच हातात आला. पांढरं असतं ते मेलेलं, गुलाबी दिसायला लागलं की थांबायचं, गुलाबीला लागलं की रक्त आणि वर बापाच्या शिव्या. लग्नानंतर शहराच्या कडेला पडेगावला आले, तिथून पार्लरचा कोर्स केला. शिकवणाऱ्या बाई नखाचे भाग फळ्यावर काढून दाखवायला लागल्या तेव्हा मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर मला येतंय. पण बोलले नाही. माणसाच्या नखाला मेंढराचं खूर म्हटलं असतं तर वर्गातून उठवलं असतं मला.

पुरुष गिऱ्हाइकांबद्दल लोक मला वाट्टेल ते विचारतात. खरं सांगू? पुरुष लई सोपे. रंग कोणता लावू ही भानगड नाही, मागच्या वेळी अर्धाच तास का घासलंस ही तक्रार नाही. कंपनीतले येतात, त्यांच्या नखांच्या कडेला ऑइलची काळी रेघ असते, ती साबणानं जात नाही. त्यांना आधी माफी मागायची सवय. "ताई, जरा घाणच आहेत बघा हात." मी म्हणते, "स्वच्छ असते तर माझ्याकडे कशाला आला असता?" गरम पाण्यात बोटं बुडवली की पाच मिनिटांत खांदे खाली येतात. कुणी कर्जाचं बोलतं, कुणी पोराच्या बारावीचं. कुणी काहीच बोलत नाही, नुसतं स्वतःच्या हाताकडं बघत बसतं. मॅनिक्युअरला आलेल्या माणसाला दोन्ही हात अडकल्यामुळं मोबाइल धरता येत नाही, हेही एक कारण असेल म्हणा.

ही गोष्ट घडली तेव्हा मला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. आमचे हे चिकलठाण्याला एका कारखान्यात कंत्राटावर होते, ते कंत्राट संपलं होतं आणि दुसरं लागायचं होतं. पोरगी पहिलीत. मी सकाळी निघाले की तिची वेणी, तिचा डबा, तिला शाळेत सोडणं-आणणं, सगळं आत्याबाई करायच्या. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या नाही म्हणाल्या असत्या तर माझं काम त्याच दिवशी संपलं असतं. आणि मला नुसत्या पगाराची काळजी नव्हती. गिऱ्हाइकं आत येऊन विचारायची, "त्या ताई आहेत का? नसतील तर मी उद्या येतो." माझ्यासाठी कुणी उद्या येतो म्हणालं होतं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ते मला सोडायचं नव्हतं. कुणी काहीही म्हणो, नव्हतंच सोडायचं.

आणि नेमकं थोरल्या मामांनी बघितलं. थोरले मामा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेले, त्यामुळं घरात शेवटचा शब्द यांचा. राहायला गावी, पण लग्न ठरवायचं असो, जमीन विकायची असो, त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. कुणाला तरी दवाखान्यात बघायला शहरात आले होते. रिक्षा आमच्या सलूनसमोर गर्दीत अडकली आणि काचेतून त्यांना त्यांची सून दिसली, एका बाप्याचा हात हातात घेऊन बसलेली.

ते रविवारी पडेगावला आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी समजले.

"सून परक्या बाप्याचा हात धरून बसती," ते आमच्या ह्यांना म्हणाले. "भर रस्त्यावर. काचंत. समदा गाव बघतोय. आपल्यात पोरींची लग्नं व्हायचीत आजून, म्हाईत हाय का तुला?"

आमचे हे मूग गिळून बसले. माणूस सोन्यासारखा आहे, पण मोठ्यांपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटते. मी आतून म्हटलं, "हात टॉवेलवर असतो." ते कुणी ऐकलं नाही.

आत्याबाई माझ्या शेजारी पडद्याआड बसल्या होत्या. आमच्यात बाई नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं येत नाही. त्याच्याशी बोलत नाही. तो ओसरीवर असला की ती आत असते. आता पोरीसोरी कोण पाळतंय, पण आत्याबाईंनी सगळी हयात पाळलं होतं. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायच्या, नाहीतर लेकराला. त्या दिवशी त्यांनी माझ्या पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "आजोबांना सांग, कान आन डोळा यात चार बोटांचं अंतर हाय. म्हणावं, म्या सोता जाऊन बघीन, मंग सांगीन."

पोरीनं बाहेर जाऊन हे सगळं शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं. थोरले मामा म्हणाले, "ठीक हाय. फुडल्या आइतवारी येतो. तवर ठरवा." आणि गेले.

म्हणजे माझा निकाल आत्याबाईंच्या हातात. मला लई राग आला होता. थोरल्या मामांचा आला, ह्यांचा आला, आणि खोटं कशाला सांगू, आत्याबाईंचाही आला. मला वाटलं, ही बाई तिथं येऊन काय बघणार? पुरुषाचा हात दिसला की पदर तोंडाला लावणार आणि मला दंडाला धरून घरी नेणार.

बुधवारी त्या माझ्याबरोबर निघाल्या. पोरीला शाळेतून आणायचं ह्यांच्यावर सोपवलं. हिरवं लुगडं, काष्टा, डोक्यावर पदर, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. छावणीतून रिक्षा बदलून आम्ही जालना रोडला आलो. आत शिरल्याबरोबर मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"या कोण?"

"सासूबाई."

"किती वेळ आहेत?"

"त्यांना वाटेल तोवर."

मॅडमनी एक मोठा श्वास घेतला आणि आत्याबाईंना सोफ्यावर बसा म्हणाल्या. आत्याबाई बसल्या आणि लगेच उठल्या. "ही खुर्ची माणसाला गिळती," म्हणाल्या आणि माझ्या टेबलाशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या. तिथून त्यांचे डोळे बरोबर टेबलाच्या उंचीला येत होते. माझे हात त्यांच्या नाकासमोर.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते शहागंजकडचे शालींचे व्यापारी. ते दर पंधरवड्याला येतात. त्यांचं सगळं काम हातावर. शाल उलगडून गिऱ्हाइकासमोर तिच्यावरून तळवा फिरवायचा असतो, आणि नखाचा एक कोपरा जरी खरखरीत राहिला तरी रेशमाचा धागा ओढला जातो. त्यांनी फरशीकडं बघितलं, दचकले, मग वाकून म्हणाले, "सलाम, अम्मा." आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी नखं कापली, टॉवेल झटकला, कापलेली नखं खालच्या डब्यात टाकली.

"ती नखं कुठं टाकलीस?"

"डब्यात."

"समद्यांची एकाच डब्यात?"

"व्हय."

"आन डबा?"

"घंटागाडीत."

आत्याबाईंचा चेहरा असा झाला की जणू मी एखादं लेकरूच घंटागाडीत टाकलंय. पुरुषाचा हात त्यांना खटकला नव्हता, नखं खटकली होती. "माणसाची नखं अशी टाकत्यात का? कुणाच्या हाती पडली म्हंजी? कुणी करणी केली म्हंजी? आन ह्याची त्याला, त्याची ह्याला, समदा काला!" आमच्याकडं कापलेली नखं मातीत पुरतात, घरात पडू देत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण सलूनमध्ये कोण पुरतंय? मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, गप बसा, गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक म्हणालं, "नहीं बाजी, अम्मा सच बोल रहीं. हमारी अम्मी बी नाखून मिट्टी में दबातीं थीं. इधर-उधर नको फेंको बोलतीं थीं."

झालं. आत्याबाईंना वकील मिळाला. त्यांनी टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र फाडलं, डब्यातून शालवाल्यांची नखं मला वेचायला लावली आणि किराणावाला जिरं बांधतो तशी पुडी बांधून त्यांच्या हातात ठेवली. शालवाल्यांनी ती खिशात घातली आणि जाताना पुन्हा सलाम केला. या वेळी आत्याबाईंनी मान हलवली. मॅडम काउंटरवरून बघत होत्या. मला वाटलं आता ओरडा बसणार, पण त्या हसू दाबत होत्या.

त्यानंतर एक नवरा मुलगा आला, दुसऱ्या दिवशी त्याचा साखरपुडा होता आणि अंगठीचा फोटो जवळून निघणार म्हणून हात करून घ्यायचे होते. वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. आत्याबाईंनी त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, जमीन किती ते विचारलं. मुलीकडच्यांनी नसेल घेतली एवढी चौकशी. तो बिचारा सगळ्याची उत्तरं देत बसला, कारण पळायची सोय नव्हती, दोन्ही हात माझ्याकडं. शेवटी आत्याबाईंनी त्याच्या तळव्यावरचे घट्टे बघितले. "कामाचा हाय," म्हणाल्या आणि त्याचीही पुडी बांधली.

मी मनातून थोडी सैल झाले होते. पण निकाल अजून लागला नव्हता, आणि दुपारी गुरुजी येणार होते.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांना लकवा होऊन गेलेला. चालायला लागले होते काठीवर, बोलणंही परत आलं होतं, पण डावा हात राहिला तो राहिलाच. कोपरातून वाकलेला, आणि मूठ आवळलेली. ती आपोआप आवळली जाते, त्यांची इच्छा असो नसो. आत नखं वाढतात आणि तळव्यात रुततात. त्यांच्या बायकोनं एकदा कापायचा प्रयत्न केला, रक्त निघालं, तेव्हापासून ती धसका घेऊन बसली. कुणीतरी त्यांना माझ्याकडं पाठवलं. पहिल्या वेळी मलाही ती मूठ उघडता आली नव्हती. मग त्यांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंना त्यांनी विचारलं आणि मला येऊन सांगितलं: जोर लावायचा नाही, मनगट आधी आतल्या बाजूला वाकवायचं, म्हणजे बोटांची ओढ कमी होते, मग अंगठ्यापासून एकेक बोट सोडवायचं.

गुरुजी आले, रिक्षावाल्यानं त्यांना दारापर्यंत आणलं. "जयभीम, ताई," ते म्हणाले. मी जयभीम घातला. फरशीवर बसलेल्या आत्याबाईंना त्यांनी उजवा हात कपाळाला लावून नमस्कार केला. आत्याबाई त्या डाव्या हाताकडं बघत होत्या.

मी मूठ तशीच्या तशी गरम पाण्यात ठेवली. गुरुजींना शाळेतल्या गोष्टी सांगायची सवय. एका पोरानं वर्गात सरडा आणला होता, तेव्हा ते स्वतः टेबलावर कसे चढले, ते सांगत होते. मी हसत होते आणि पाण्याखाली त्यांचं मनगट हळूहळू वाकवत होते. अंगठा सुटला. मग पहिलं बोट. दुसऱ्या बोटाला वेळ लागला, मी थांबले, परत मनगट वाकवलं. मूठ उघडली तेव्हा नेहमीसारखा वास आला, कोंडलेल्या घामाचा. त्याला इलाज नाही, हवाच लागत नाही आत. तळव्यावर चार लाल चंद्रकोरी. मी तळवा धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, नखं अगदी बेतानं कापली, कडा घासल्या, क्रीम लावलं, आणि शेवटी सुती कापडाची गुंडाळी करून मुठीत दिली, म्हणजे बोटं परत मिटली तरी तळव्यात रुतणार नाहीत. गुरुजी म्हणाले, "हलकं वाटतं हो ताई. आता आठवडाभर झोप लागेल." ते दर वेळी हे म्हणतात. आणि दर वेळी मला वाटतं, या कामानं मला किती दिलंय. मेंढरांमागं फिरणारी पोरगी मी, माझ्या हातानं एका मास्तरांना झोप लागते.

मी पुडी बांधायला कागद घेतला आणि आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसतही नव्हत्या. गुरुजी घाबरले, "काय झालं आजी?" म्हणाले. त्या उठल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

माझा जीव उडाला. मला वाटलं, झालं, या बाईला किळस आली, आता काही खरं नाही. त्यानंतरची दोन गिऱ्हाइकं मी कशी केली मला आठवत नाही.

संध्याकाळी परतताना रिक्षात आम्ही दोघीच मागं होतो. छावणी मागं पडल्यावर माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला, असा यापूर्वी कधीच घेतला नव्हता, आणि रस्त्याकडं बघत बोलायला लागल्या.

"तुझ्या सासऱ्याला ह्योच रोग झाला व्हता," त्या म्हणाल्या. "दोन पावसाळं पडून व्हते. उजवी मूठ. आशीच बंद. वसरीवर खाट टाकली व्हती आन थोरले तिथंच बसायचे भावाजवळ. मला जाता यायचं नाय. ते उठून रानात गेले, का म्या पळत जायाचं, तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, आन माघारी पळायचं. मुठीला वास यायाचा. नखं रुतायची. म्या एकदा उघडाया गेले तर त्यांनी डोळं मिटून घेतले, लई दुखलं आसंल. मंग म्या हात लावला नाय. मला वाटलं, एकदा बंद झाली का बंदच आसती ती. कुणी सांगितलंच नाय उघडती म्हणून. तशीच मूठ घिऊन गेले गं ते. सरणावर बी तशीच."

सासऱ्यांच्या आजाराचं घरात कुणी कधी बोलत नसे, मला फक्त 'लकव्यानं गेले' एवढंच माहीत होतं. आत्याबाईंचा हात मी नुसता धरून ठेवला. जाड, खडबडीत, चाकूनं चिरलेला हात. पडेगाव आलं तेव्हा त्या उतरल्या आणि नेहमीसारख्या तरातरा पुढं चालायला लागल्या. मी कामावर जायचं की नाही, याबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. मला धीरच झाला नाही.

रविवारी थोरले मामा आले. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. आमचे हे त्यांच्यासमोर, परत तोंडात मूग. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. मी आत चहा ठेवला होता आणि कान बाहेर लावले होते, साखर निम्मी ओट्यावर सांडली.

"काय ठरलं?" थोरल्या मामांनी ह्यांना विचारलं.

आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला, पडदा बाजूला केला आणि बाहेर गेल्या. मी पातेलं सोडून त्यांच्या मागं दारात गेले. थोरल्या मामांनी त्यांना बघितलं आणि रीतीप्रमाणं चटकन मान वळवली.

"सून कामाला जाणार," आत्याबाई म्हणाल्या. भिंतीला नाही, त्यांना. काय म्हणून हाक मारायची तेही त्यांना माहीत नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती.

थोरले मामा ह्यांना म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आत जा म्हणावं."

"मलाच सांगा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक होता, चढलेला नव्हता. "म्या जाऊन बघितलं. लकव्याच्या माणसाची मूठ तिनं माझ्या डोळ्याम्होरं उघडली. नखं काढली. तळवा धुतला. त्यो माणूस हसत व्हता तवा. हात धरल्याबिगर व्हत नाय ते. तुमच्या भावाची मूठ दोन पावसाळं बंद व्हती. म्या बायकू आसून मला धरता आला नाय त्यांचा हात. तुमी तिथं व्हता म्हणून मला येता आलं नाय. हिला म्या घरी बसवणार नाय. कंदीच नाय."

आमचे हे खाली बघत होते. त्यांच्या बापाची गोष्ट होती ती. मागं चहा उतू गेल्याचा वास आला, पण मी हलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती बाई एवढीशी उभी होती, पाठ ताठ, आणि मला तिचे पाय धरावेसे वाटत होते.

थोरल्या मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"नखं रुतली व्हती त्याला?" त्यांनी विचारलं. मान अजून दुसरीकडंच होती, पण विचारलं आत्याबाईंनाच.

"व्हय."

"दुखत आसंल."

"बोलता येत नव्हतं त्यांना," आत्याबाई म्हणाल्या.

थोरल्या मामांनी स्वतःचा उजवा हात उघडला आणि तळव्याकडं बघत राहिले.

"मी तर तितंच बसून व्हतो," ते म्हणाले. "समदा दिस त्याच्यापशीच बसून व्हतो."